इंटरनेट सुरू, फोन बंद : व्यवसायासाठी एकत्रित जोडणी घेताना नेमके कुठे अडते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या गांधीबागेत आपला औषधांचा घाऊक व्यापार आहे आणि वर्धा, भंडारा, गोंदिया, यवतमाळ इथले किरकोळ विक्रेते दिवसभर दूरध्वनीवरून मागणी नोंदवतात. आपण एका खाजगी कंपनीकडून २०० एमबीपीएस इंटरनेट, तीन फोन लाइन आणि एक स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) असे एकत्रित पॅकेज घेतले. विक्री प्रतिनिधीने आठवडाभरात सगळे सुरू होईल आणि जुना नंबरही तोच राहील, असे सांगितले. प्रत्यक्षात इंटरनेट सुरू झाले, फोन महिना उलटला तरी बंद आहेत, बिल मात्र पूर्ण पॅकेजचे आले. शिवाय त्या आश्वासनावर विसंबून आपण जुन्या तांब्याच्या लाइनसाठी बंद करण्याचा अर्जही देऊन बसला आहात. नागपुरात दुकाने, दवाखाने आणि गोदामांच्या नेटवर्कची कामे करताना ही तक्रार मला वारंवार ऐकायला मिळते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

सर्वांत आधी त्या अर्जाचे पाहा. जुनी लाइन अद्याप प्रत्यक्ष तोडली गेली नसेल, तर अर्ज मागे घेत असल्याचे पत्र आजच द्या आणि पोच घ्या. तोडली गेली असेल, तर तोच क्रमांक पुन्हा चालू करून मिळावा असा लेखी अर्ज ताबडतोब करा, कारण मोकळा झालेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. ‘जुना नंबर तोच राहील’ हे आश्वासन मुळातच पाळता येण्यासारखे नव्हते. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, पण ती स्थिर दूरध्वनीला लागू नाही. ०७१२ नंतरचे आपले आकडे ज्या कंपनीच्या वाट्याचे आहेत, तिच्याकडेच ते राहतात. प्रतिनिधीने मोबाइलचा नियम लँडलाइनला लावून सांगितला. जाणूनबुजून की अज्ञानाने, हे ठरवत बसण्यात अर्थ नाही, पण बिलबुकावर, लेबलांवर आणि ग्राहकांच्या वहीत वर्षानुवर्षे छापलेला क्रमांक घाऊक व्यापारात किती मोलाचा असतो, हे त्याला ठाऊक नसते.

मग तो क्रमांक टिकवायचा कसा? जुन्या कंपनीचे फायबर आपल्या गल्लीत आले असेल, तर तांब्यावरचा क्रमांक त्याच कंपनीच्या फायबरवर नेता येतो आणि बहुतेक वेळा तो बदलत नाही. ते शक्य नसेल, तर सर्वांत स्वस्त मासिक योजनेवर जुनी लाइन जिवंत ठेवावी आणि तिच्यावर येणारे कॉल नव्या क्रमांकाकडे वळवून घ्यावेत. वळवलेल्या कॉलचा पुढचा टप्पा आपल्या जुन्या लाइनच्या योजनेत मोफत बसतो की वेगळा आकारला जातो, एवढे मात्र आधी विचारा. महिन्याला काही शे रुपये जातील. गोंदियाच्या एका नियमित ग्राहकाने फोन लागत नाही म्हणून दुसऱ्या घाऊक विक्रेत्याकडे मागणी नोंदवली, तर जाणारी रक्कम त्याहून मोठी असेल.

आता मुख्य मुद्दा : इंटरनेट आले आणि फोन का आले नाहीत? पॅकेज एक असते, बिल एक असते, भिंतीतून आत येणारी फायबरची तारही एकच असते. पण त्या तारेवरून मिळणाऱ्या दोन सेवा दोन वेगळ्या विभागांच्या हातात असतात. तार ओढणारा आणि जोड मारणारा माणूस सहसा स्थानिक कंत्राटदाराचा असतो. ओएनटी नावाच्या त्या पांढऱ्या डब्यापर्यंत प्रकाश पोहोचला, इंटरनेटचे नाव आणि पासवर्ड भरला की त्याचे काम संपते आणि तो काम पूर्ण झाल्याची नोंद करून निघून जातो. फोनसाठी याच डब्याने कंपनीच्या व्हॉइस सर्व्हरवर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तिथे आपला क्रमांक निर्माण झालेला, आपल्या खात्याशी जोडलेला आणि कागदपत्रांची पडताळणी होऊन मोकळा केलेला असावा लागतो. हे काम बहुधा दुसऱ्या शहरात बसलेला गट करतो. म्हणूनच आपल्याला ‘आमच्या साइडने काम झालं, बॅकएंडला पेंडिंग आहे’ हे वाक्य ऐकवले जाते. ते खोटे नसते, पण बॅकएंडला फोन करण्याची सोय ना त्या तंत्रज्ञाला असते ना आपल्याला, आणि विक्री प्रतिनिधीचा त्या महिन्याचा हिशेब तोवर पूर्ण झालेला असतो.

काम कुठे अडले आहे, हे आपण स्वतः बऱ्याच अंशी ओळखू शकता. ओएनटीवर फोनचा स्वतंत्र दिवा असतो. तो अजिबात लागत नसेल, तर सर्व्हरवरची नोंदणी झालेली नाही, म्हणजे काम बॅकएंडला अडले आहे. दिवा स्थिर आहे, पण फोन उचलल्यावर डायल टोन येत नाही, असे असेल तर दोष बहुधा आपल्या दुकानातल्या वायरिंगमध्ये किंवा चुकीच्या पोर्टमध्ये आहे. एक साधा हँडसेट थेट ओएनटीच्या फोन पोर्टला लावून पाहा. ईपीबीएएक्स, म्हणजे दुकानातले फोन बाहेरच्या लाइनशी जोडणारे यंत्र, मध्ये ठेवून केलेल्या तपासणीतून काहीच निष्पन्न होत नाही. टोन येतो, बाहेर कॉल जातो, पण आत येत नाही, असे असेल तर क्रमांक अन्य कंपन्यांच्या जाळ्यातून अद्याप नीट पोहोचत नाही. अशा वेळी कोणत्या कंपनीच्या मोबाइलवरून कॉल लागला नाही, हे वेळेसह लिहून दिल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

दिवा लागतच नसेल, तर माझा पहिला संशय कागदपत्रांवर जातो. व्यावसायिक फोन जोडणीची पडताळणी नुसत्या इंटरनेटपेक्षा काटेकोर होते आणि घाऊक बाजारात ती हमखास अडकते. गुमास्ता परवान्यावर एक पत्ता, जीएसटी प्रमाणपत्रावर वाडीचे गोदाम मुख्य ठिकाण म्हणून नोंदलेले, भागीदारी पेढीचे पॅन एका नावाचे आणि अर्जावर सही मात्र पुतण्याची, असा सगळा प्रकार असतो. अर्ज कोपऱ्यात नामंजूर होऊन पडतो आणि ते आपल्याला कुणी कळवत नाही. सही करणाऱ्याच्या नावे पेढीच्या लेटरहेडवर अधिकारपत्र, शिक्का, आणि ज्या जागेत फोन हवा आहे तो पत्ता अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून दाखवणारे जीएसटी प्रमाणपत्र, हे एकत्र करून ईमेलने पाठवा आणि ‘व्हॉइसची पडताळणी मंजूर झाली आहे का, नसल्यास नामंजुरीचे कारण काय’ एवढाच प्रश्न विचारा. फोन कधी सुरू होणार, असे विचारल्यास ‘चोवीस तासांत’ हे ठरलेले उत्तर मिळते.

जीएसटीचा विषय निघाला म्हणून इथेच सांगतो. दूरसंचार सेवेवर १८ टक्के कर आहे. बिल मालकाच्या वैयक्तिक नावाने निघाले किंवा त्यावर पेढीचा जीएसटी क्रमांक नसला, तर त्या कराची वजावट पेढीला मिळत नाही. आपल्या पहिल्या बिलावर कोणते नाव आहे, ते पाहून घ्या. बंद फोनांच्या रकमेबाबत तोंडी सवलत स्वीकारू नका. क्रेडिट नोट मागा, म्हणजे हिशेब आणि कर दोन्ही जुळतील.

फोन सुरू झाले तरी आपल्या कामाचे फोन सुरू झाले, असे समजू नका. तीन फोन लाइन याचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा लावते. कुठे तीन वेगळे क्रमांक मिळतात, कुठे एकच क्रमांक आणि त्यावर एका वेळी दोन कॉल, तर कुठे ओएनटीला पोर्टच दोन असतात आणि तिसऱ्या लाइनसाठी आणखी एक डबा लावावा लागतो. आपल्याला हवी आहे ती गोष्ट अशी की ग्राहकाने एकच क्रमांक फिरवावा आणि पहिली लाइन गुंतलेली असल्यास कॉल आपोआप दुसऱ्या, तिसऱ्या लाइनवर जावा. याला हंटिंग म्हणतात, आणि ते अर्जात लिहून घेतले नसेल तर गृहीत धरले जात नाही. आपला जुना ईपीबीएएक्स ठेवायचा असेल, तर त्याच्या बाहेरच्या लाइनच्या पोर्टमध्ये ओएनटीचे फोन पोर्ट जोडून काम भागते; पण ग्राहकाने फोन ठेवल्याचा संकेत काही जुन्या यंत्रांना फायबरच्या लाइनवर ओळखता येत नाही आणि लाइन गुंतलेलीच राहते. हे सुरुवातीच्याच दिवसांत लक्षात येते, म्हणून त्या काळात ईपीबीएएक्सच्या माणसाला बोलावून ठेवा. सात-आठ जण एकाच वेळी फोनवर असतात, एवढा आपला व्याप असेल, तर या पॅकेजच्या नादी न लागता सिप ट्रंक (इंटरनेट पद्धतीने एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी सेवा) घ्यावी, किंवा यंत्र जुनेच राहणार असेल तर ३० वाहिन्यांची, म्हणजे एका वेळी ३० कॉल नेणारी पीआरआय लाइन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या दुकानाचे पॅकेज ताणून मोठ्या काउंटरला वापरण्यातून बचत होत नाही.

आवाज तुटण्याविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. ग्राहक सांगतात, ‘२०० एमबीपीएस घेतले तरी आवाज कटतो.’ एका कॉलला आवाज पाठवण्याच्या प्रचलित जी.७११ पद्धतीत दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ९० किलोबिट प्रति सेकंद लागतात. तीन कॉलना एक एमबीपीएसचा तिसरा हिस्साही लागत नाही. म्हणजे वेग वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. आवाज तुटतो तो त्याचे पॅकेट, म्हणजे छोटे तुकडे, उशिरा आणि अनियमित पोहोचल्यामुळे. दुकानात सहसा याचे कारण सीसीटीव्हीचे क्लाउडवर जाणारे चित्रण किंवा दुपारी चालणारा बॅकअप असतो. तो दुकानातून बाहेर जाणारा (अपलोडचा) सगळा मार्ग व्यापतो. ओएनटीवरचा फोन कंपनीच्या वेगळ्या वाहिनीवरून जात असेल तर हा त्रास कमी होतो, पण आपण स्वतःचे आयपी फोन आपल्या राउटरमागे लावले असतील तर राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य ठरवून द्यावे लागते. त्याच राउटरमध्ये इंटरनेटवरच्या कॉलसाठीची सिप एएलजी नावाची सोय बहुधा चालू स्थितीत येते. तिचा हेतू मदतीचा आहे, परिणाम मात्र अनेकदा उलटा होतो : कॉल लागतो आणि एकाच बाजूचा आवाज येतो. ती बंद करून पाहणे ही पहिली पायरी आहे.

स्टॅटिक आयपीची तपासणीही आपण स्वतः करू शकता. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांपासून सुरू होणारा असेल, तर तो आपला एकट्याचा सार्वजनिक पत्ता नाही. कंपनी अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते, त्या व्यवस्थेसाठी राखून ठेवलेली ही मालिका आहे. घरून दुकानाच्या टॅलीला किंवा कॅमेऱ्यांना जोडता येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे पाहा. पैसे घेतले आणि पत्ता दिलाच नाही, हा प्रकार दुर्मिळ नाही.

आता विजेविषयी, कारण तांब्याच्या लाइनची सवय झालेल्या व्यापाऱ्याला हा धक्का नंतर बसतो. जुना फोन दूरध्वनी केंद्रातून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालत असे; दुकानाची वीज गेली तरी तो वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. ओएनटी बंद पडला की तिन्ही फोन एकदम बंद होतात. आपला इन्व्हर्टर असेलच, पण तो साध्या मोडवर असेल तर वीज जाण्या-येण्याच्या क्षणी जो खंड पडतो, तेवढ्यात ओएनटी पुन्हा सुरू होतो आणि त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत काही मिनिटे जातात. इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर ठेवा, किंवा ओएनटी आणि राउटर यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बसवा. शटर फोडल्यास आपोआप फोन लावून चोरीची सूचना देणारा ऑटोडायलर जुन्या लाइनवर जोडलेला असेल, तर तो नव्या लाइनवर चालतो का, हे रात्री दुकान बंद करण्याआधी मुख्य वीज बंद करून तपासा. वीज तोडून चोरी होऊ शकते, एवढा विचार त्या यंत्राच्या मूळ जोडणीत होता. नव्या जोडणीत तो आपल्याला करावा लागेल.

नागपूरच्या उन्हाचाही विचार हवा. ओएनटी माळ्यावर, पत्र्याच्या छताखाली, खोक्यांच्या मागे बसवून मोकळे होणे तंत्रज्ञाला सोयीचे असते. अनेक घरगुती ओएनटींची चालण्याची मर्यादा ४० अंशांच्या आसपास लिहिलेली असते, आणि मे महिन्यात इथे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालचे तापमान सांगायलाच नको. दुपारी दोन ते पाच फोन बंद आणि संध्याकाळी आपोआप सुरू, अशी तक्रार आली की मी आधी डबा कुठे लावला आहे ते विचारतो. औषधांसाठी जिथे गारवा राखला आहे, त्याच खोलीत हा डबा ठेवा. शिवाय गोदामात उंदीर असतातच आणि ती बारीक पिवळी पॅच कॉर्ड ते कुरतडतात; ती पीव्हीसी नळीतून न्या.

बाहेरच्या तारेचे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण ते आपल्या हातात नाही. इतवारी, महाल, गांधीबाग या जुन्या भागांत अरुंद गल्ल्यांमधून तारा खांबावरून खांबावर आणि गच्चीवरून गच्चीवर जातात. शेजारच्या इमारतीच्या मालकाने गच्चीवरून तार नेऊ दिली नाही, तर कंपनी हे ‘फीजिबल नाही’ असे कारण अर्ज घेतल्यावर सांगते. रस्ता खोदावा लागणार असेल, तर संबंधित प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठीचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज कंपनीनेच करायचा असतो, आपण केवळ वाट पाहतो. म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्यक्ष पाहणी करून घ्यावी आणि सर्वांत जवळचा वितरण डबा कुठे आहे, त्यात मोकळे पोर्ट आहे का, तार कुठून येणार, हे पाहणीच्या कागदावर लिहून घ्यावे. जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाजवळच्या, तारेतल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवरचा आकडा विचारा आणि त्याचा फोटो काढा. उणे २० ते उणे २४ डीबीएमच्या आसपासचा आकडा समाधानकारक असतो. उणे २७ च्या जवळ गेलेली लाइन आज चालेल, पण पहिल्या पावसात जोडावर थोडे पाणी साचले किंवा तार थोडी वाकली की लाल दिवा लागेल. तो फोटो पुढे वाद झाल्यास फार कामी येतो.

तक्रारीचा मार्ग असा आहे. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट (तक्रार नोंदणी) क्रमांक घ्या. व्हॉट्सॲपवर प्रतिनिधीला पाठवलेले संदेश तक्रार ठरत नाहीत. इंटरनेट, फोन आणि बिल यांच्या तीन स्वतंत्र तक्रारी नोंदवा, कारण एकच तक्रार केली तर इंटरनेट चालते म्हणून ती निकाली काढली जाते. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. २०१२ च्या नियमावलीनुसार अपील ३९ दिवसांत निकाली काढायचे असते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नका. अपिलानेही काम झाले नाही, तर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे १०६३ या क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर जावे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे आणि अपवाद आहे तो स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यांचा. आपल्यासारख्या घाऊक पेढीविरुद्ध कंपनी हाच आक्षेप पहिल्यांदा घेईल, म्हणून त्या वाटेला लागण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. व्यवहारात मला अपिलाचा उपयोग अधिक होताना दिसतो, कारण अपील नोंदले की प्रकरण स्थानिक कार्यालयाबाहेरच्या माणसाच्या टेबलावर जाते.

व्यवसाय फोनवर चालतो तिथे अशा पॅकेजमधल्या इंटरनेटला पर्याय हवाच. भाड्याच्या समर्पित लाइनमध्ये ९९.५ टक्के उपलब्धतेचे वचन मिळाले, तरी त्यात महिन्याला साडेतीन तासांहून अधिक बंद राहण्याची मुभा असते; साध्या ब्रॉडबँडमध्ये सहसा तेवढेही वचन नसते. दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले आणि ते त्याच खांबावरून आले, तर एक ट्रक दोन्ही तारा तोडतो. दुसरी जोडणी ४जी किंवा ५जी वायरलेस घ्या आणि दोन वॅनचा राउटर लावा. एक मर्यादा लक्षात ठेवा : ओएनटीवरचे फोन या दुसऱ्या जोडणीवर आपोआप जात नाहीत, त्यामुळे फायबर तुटल्यास येणारे कॉल एका मोबाइलकडे वळतील, अशी सोय कंपनीकडून क्रमांकावरच करून घ्या.

आता आपल्याला फोन सुरू करून द्यायला कंपनीचा माणूस येईल, तेव्हा रविवार किंवा सुट्टीचा दिवस मागू नका, जरी दुकान त्या दिवशी मोकळे असले तरी. व्हॉइसची नोंदणी करणारा गट सुट्टीला उपलब्ध नसतो आणि तंत्रज्ञ पुन्हा ‘बॅकएंडला पेंडिंग’ सांगून परत जाईल. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ घ्या. तंत्रज्ञ दुकानात असताना बाहेर जाणारा, आत येणारा आणि एकाच वेळी दोन कॉल असे तिन्ही करून पाहा. आणि तोपर्यंत काम पूर्ण झाल्याचा ओटीपी त्याला देऊ नका.